बारदान वजा जाता अर्जदाराचे खरे वजन

प्रति,
मा. निरीक्षक साहेब,
वैध मापन शास्त्र (वजने व मापे),
कर्जत-खालापूर विभाग.

अर्जदार : सौ. जनाबाई साईनाथ ठोंबरे, वय ५४, धंदा घरकाम व भातशेती,
मु. तळेआळी, पो. साजगाव, ता. खालापूर, जि. रायगड.

विषय : अर्जदाराचे वजन साडेसदुसष्ट किलोच्या वर आहे की खाली, हे शासनाने एकदाचे सांगणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या सासूबाई कै. मैनाबाई यांचे अखेरचे तोंडी सांगणे.

महोदय,

"दिव्याला खाडा नको पाडू गं जने, आन् देवाच्या दारात माप खोटं नको घालू." एवढे बोलून अर्जदाराच्या सासूबाईंनी डोळे मिटले, ते मिटलेच. दिवा म्हणजे गावामागच्या टेकडीवरील वाघजाईपुढे दर पौर्णिमेला लावायचा तेलाचा दिवा. अर्जदाराचा मुलगा नीलेश पाळण्यात असताना तापाने फणफणला, तेव्हा सासूबाईंनी तो नवस बोलला, हयातभर आपल्या हाताने फेडला आणि जाताना अर्जदाराच्या पदरात घातला. नीलेश आज टेंपो चालवतो व अंगाने असा आहे की तापही जवळ येताना विचार करील. सबब देवीने आपली बाजू पाळलेली आहे. अडचण अर्जदाराच्या बाजूची आहे.

गेल्या पौर्णिमेला टेकडीच्या अर्ध्या वाटेवर, आंब्यापाशी, अर्जदाराचे गुडघे बसले. सून सौ. भाविका हिने दिवा वर नेला. दिवा लागला, पण हात दुसऱ्याचा लागला. खोपोलीच्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून सांगितले की वजन उतरवा, आणि त्यासाठी रोज चाला. चालायलाच गुडघे पाहिजेत, असे अर्जदाराने हळू आवाजात म्हटले; तोवर पुढच्या पेशंटला हाक गेली होती.

यावर भाविकाने मोबाईलवरचा दवाखाना शोधून काढला. त्यात डॉक्टरबाई पडद्यावर बसतात आणि पेशंट घरीच ओट्याला टेकून बसतो. वजन उतरवण्याचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा टोचायचे असते. ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि चिठ्ठी मागेल त्याला मिळत नाही. उंचीच्या मानाने वजनाचा एक आकडा काढतात, तो तीस किंवा त्यावर पाहिजे. सत्तावीसच्या पुढे असला तरी चालतो, मात्र सोबत साखर, रक्तदाब असा एखादा आजार पाहिजे. घराण्यात थायरॉईडचा कर्करोग नको, स्वादुपिंड सुजलेले नको, आणि घरात पाळणा हलायचा नको. या शेवटच्या प्रश्नाला अर्जदार पदर तोंडाला लावून आत गेली, सबब त्याचे उत्तर सुनेने दिले.

अर्जदाराची उंची दीडशे सेंटिमीटर. त्या उंचीला तीसचा आकडा साडेसदुसष्ट किलोला भरतो. आजाराच्या वाटेने जावे तर देवाच्या दयेने अर्जदाराला साखर नाही, रक्तदाब नाही, आणि गुडघे त्यांच्या आजारांत बसत नाहीत. नीलेश म्हणाला, "आई, तुझा बीपी वाढंल असं मी कायतरी करतो." त्यावर भाविका म्हणाली, "ते तर तुमी रोजच करताव. वाढत नाय त्यांचा." मग नीलेशने दुसरा उपाय सुचवला : "सत्तर लिव गं. पडद्याला काय वजन कळतंय?" अर्जदाराने सासूबाईंच्या फोटोकडे पाहिले व नाही म्हटले. डॉक्टरबाईही म्हणाल्या, "अंदाज नको मावशी, काट्यावरचं वजन दाखवा."

येथून हे प्रकरण आपल्या खात्यात येते.

गावात माणूस तोलता येईल असा काटा एकच, हिरूभाऊंच्या भातगिरणीचा. झोडणीचे दिवस असल्याने अर्जदार पोत्यांच्या रांगेत उभी राहिली व पाळी आल्यावर काट्यावर चढली. काट्याने अडुसष्ट दाखवले. अर्जदाराने मनात वाघजाईला हात जोडले. तोच हिरूभाऊंनी पावती फाडली, तीवर सहासष्ट. विचारता ते म्हणाले, "वैनी, एक किलो बारदान आन् एक किलो ओलीची घट. सगळ्यांनाच लावतो. तुमाला सोडलं तं बाकीचे काय म्हनतील?" भाविका भांडली, की आई म्हणजे काय भात हाय का? हिरूभाऊ म्हणाले, "न्हाऊन आल्यात ना? केस ओले हायेत ना? मंग!" केस ओले होते, हे अर्जदारास कबूल आहे. अंगावर नऊवारी होती, हेही कबूल आहे. गोणपाट वजा होते तर लुगडे का नको, याचे उत्तर अर्जदारास अद्याप सापडलेले नाही. सहासष्टला चिठ्ठी मिळत नाही.

मग नीलेशने अर्जदारास टेंपोत बसवून साजगावातल्या कारखान्याशेजारच्या वजनकाट्यावर नेले. त्यावर आपल्या खात्याचा शिक्का आहे. तेथील माणसाने अर्जदारासह टेंपो तोलला, मग अर्जदारास खाली उतरवून रिकामा तोलला, आणि एकातून दुसरे वजा करून छापील पावती दिली. पावतीवर मालाचे नाव "आई", निव्वळ वजन सत्तर किलो. डॉक्टरबाईंनी ती पावती पडद्याजवळ धरायला लावली. शिक्का पाहिला, टेंपोचा नंबर पाहिला, मालाचे नाव दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "ठीक आहे मावशी, बसता तुम्ही." चिठ्ठी आली.

परंतु पावती घेताना तो काट्यावरचा माणूस नीलेशला हसत म्हणाला होता, "आपला काटा दहा-दहानं बोलतो रं. पासष्ट काय नि चौऱ्याहत्तर काय, त्याला सत्तरच." हे अर्जदाराने ऐकले. ऐकले नसते तर बरे झाले असते, पण कान देवाने दिले आहेत. तेव्हापासून ती चिठ्ठी अर्जदाराने देवघरात वाघजाईच्या टाकाखाली ठेवली आहे. इंजेक्शन आणलेले नाही. अर्जदार जर सहासष्ट असेल, तर ती चिठ्ठी खोट्या मापाची आहे. खोट्या मापाने बरे केलेल्या गुडघ्यांनी देवीच्या पायऱ्या चढायच्या, म्हणजे सासूबाईंच्या सांगण्याचा अर्धा भाग पाळायला अर्धा मोडायचा.

सबब विनंती की साहेबांनी आपल्याकडील शुद्ध वजने घेऊन अर्जदारास तोलावे. तोलताना लुगडे बारदानात धरावे किंवा कसे, याचा लेखी निर्णय द्यावा. केस वाळवून येण्याची अर्जदाराची तयारी आहे. मंगळसूत्र मात्र उतरवता येणार नाही, ते शासनाने आपल्या अंदाजाने वजा करावे. वार शक्यतो बुधवार ठेवावा. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा व शनिवार मारुतीचा असे अर्जदाराचे उपास असतात, आणि उपासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे, रताळी यांनी वजन खरे राहत नाही, चढते. (भाविका म्हणते, "आईंचा उपास म्हंजे आमची दोन जेवणं." ती मनाने वाईट नाही.)

आणखी एक शंका आहे. हे इंजेक्शन घेतल्यावर भूकच लागत नाही, असे डॉक्टरबाई सांगतात. भूक असून न खाणे याला उपास म्हणतात. भूक नसून न खाणे याला काय म्हणावे? मग अर्जदाराचा सोमवार महादेवाच्या खाती जमा होईल, की औषधाच्या? हे डॉक्टरबाईंना विचारले असता त्यांनी "नेटवर्क जातंय" असे सांगितले. हा प्रश्न आपल्या खात्याचा नसल्यास योग्य त्या खात्याकडे वर्ग करावा व तसे अर्जदारास कळवावे. अर्जदार वाट पाहील. तिला घाई नाही.

घाई दिव्याला आहे. आज मार्गशीर्ष पौर्णिमा. आपले उत्तर संध्याकाळपर्यंत येणार नाही हे अर्जदार समजून आहे, आणि त्यात आपला दोष नाही. नीलेश भाड्यावर गेला आहे. भाविका दुपारची जरा पडली आहे, तिला उठवलेले नाही. उठवले तर ती दिवा हातातून घेईल. एरवी अर्जदार दिवस कलल्यावर निघत असे. आज उन्हातच निघून दर वळणाला बसत गेले, आंब्यापाशी जास्त बसले, तर तिन्हीसांजेला माणूस वर पोचायला हरकत नाही. हा अर्ज नाक्यावरच्या टपालपेटीत टाकून अर्जदार तशीच पुढे टेकडीची वाट धरीत आहे. अडुसष्ट असो की सहासष्ट, जे काही खरे वजन असेल ते तिच्यासोबतच वर येईल, आणि ते वाघजाईला कळेल. आपणास कळावे, म्हणून हा लेखी अर्ज.

आपल्या काट्यावर विश्वास ठेवणारी, नम्र
सौ. जनाबाई साईनाथ ठोंबरे
(सही)

गुरुवार, दि. ४ डिसेंबर २०२५

सोबत :
१) हिरूभाऊंच्या गिरणीची पावती, बारदान व घट वजा.
२) वजनकाट्याची पावती, माल "आई".
३) औषधाची चिठ्ठी जोडलेली नाही, ती देवीच्या टाकाखाली आहे.
४) तेलाची बाटली, वात व काडेपेटी जोडलेली नाही, ती अर्जदाराच्या पिशवीत आहे.