मिठागरातला चौथा

गुरुवार, १ मार्च १९५६

आलो एकदाचा मुंबईत. पेणहून निघताना आईनं डोळ्यांना पदर लावला, पण मला काही केल्या रडू येईना; नोकरी लागलेल्या माणसानं कशाला रडायचं? नायगावात सुमतीआत्याकडे उतरलो आहे. तिच्या गॅलरीत माझी वळकटी आणि ट्रंक कशीबशी मावते, पण तिच्या हातचं वालाचं बिरडं पोटात गेलं की त्या गॅलरीचा राजवाडा होतो.

स्टुडिओ हिंदमात्याजवळ, साड्यांच्या दुकानाच्या वर. मालक मनमोहन विजयकर, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. गिरगावातलं जुनं घराणं. काळी टोपी, परीटघडीचं धोतर आणि दर दोन वाक्यांमागे तपकीर. माझं काम रिटचिंगचं. गिऱ्हाइकांच्या सुरकुत्या, देवीचे वण, सगळं निगेटिव्हवर पेन्सिलीनं आणि बारीक चाकूनं साफ करायचं. माझ्याआधीचा माणूस काम सोडून गेला म्हणे.

बाहेरच्या खोलीत एक भलामोठा फोटो आहे. पांढरंफेक वाळवंट, मागं डोंगर, आणि तो डोंगर जमिनीपासून सुटून हवेत तरंगतोय. खाली पाण्याचा थेंब नाही, तरी त्याचं उलटं प्रतिबिंब पडलंय. कोपऱ्यात अप्पांची सही, चौकटीला सुवर्णपदक. मी म्हटलं, राजस्थान असणार. अप्पा हसले. म्हणाले, तुझ्या आत्याच्या दारातून चालत अर्ध्या तासावर आहे हे वाळवंट, वडाळ्याची मिठागरं. उन्हाळ्यात वारा पडलेला असला की तुर्भ्याचा डोंगर सकाळचा असा उठतो, मिनिटभर, की गेला. वर हेही म्हणाले की देखावे काढणं रिटचरचं काम नव्हे, तू आपली नाकं-डोळे साफ कर.

मला ते लागलं. याहून चांगला फोटो काढून याच भिंतीवर लावतो की नाही बघा.

सोमवार, ५ मार्च

इथली एक गंमत लिहायची राहिली. तिघांचा फोटो काढत नाहीत, मधला दगावतो म्हणतात, हे पेणलाही आहे. तिथं आम्ही मांडीवर एखादी बाहुली ठेवून वेळ मारून नेतो. अप्पांच्या स्टुडिओत चौथा म्हणून रिटचर उभा राहतो, तोही घरचा असल्यासारखा खांद्याला खांदा लावून, नाहीतर म्हाताऱ्या बायकांचं समाधान होत नाही. मागं काळा पडदा असतो. गिऱ्हाईक गेलं की चौथा माणूस निगेटिव्हच्या काचेवरून चाकूनं खरवडून काढायचा. खरवडलेली जागा फोटोत काळी उमटते आणि पडद्यात मिसळून जाते.

आज दोनदा चौथा झालो आणि दोन्ही वेळा स्वतःला स्वतःच्या हातानं खरवडलं. हसू आवरेना. आधीच्या माणसाची एक काचही पडून होती. जानेवारीतल्या गोळीबारात आणि कर्फ्यूत पुष्कळ काम तुंबलं, त्यातली ही शेवटची. नवरा, बायको, सासू, आणि कडेला एक सडपातळ तरुण, एका बाजूनं हसणारा, डाव्या भुवईत खोक. तोही काढला. इतका सफाईनं की अप्पांनी तपकीर ओढता ओढता वाहवा केली.

रविवार, १८ मार्च

अप्पांकडून स्टुडिओतला घडीचा कॅमेरा मागून घेतला आणि मिठागरांत जाऊन आलो. भोईवाड्याच्या भिंतींवर खडूनं ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ लिहिलेलं वाचत वाचत वस्ती संपते आणि एकदम समोर सगळं पांढरं. झाड नाही, माणूस नाही. सुकलेल्या वाफ्यांना भेगा पडलेल्या, पायाखाली मीठ चुरचुरतं, आणि उजेड इतका की डोळे मिटूनही दिसतं.

नऊच्या सुमाराला वारा थांबला आणि डोंगर उठला. खरंच उठला. मी खुळ्यासारखा बघत राहिलो. कॅमेऱ्याची आठवण होईपर्यंत समुद्राकडून झुळूक आली आणि डोंगर मुकाट्यानं खाली बसला. हात चोळत परत आलो.

रविवार, १ एप्रिल

मिळाला! कॅमेरा डोळ्याला लावूनच बसलो होतो. दुपारी स्टुडिओत जाऊन रोल धुतला. अप्पांच्या फोटोपेक्षा काकणभर सरसच आहे.

एक खोट मात्र आहे. डाव्या बाजूला, दूर, एक माणूस उभा आहे. मी तिथं होतो तेव्हा चिटपाखरू नव्हतं. भिंग लावून पाहिलं. अंगावर सदरा-पायजमा आहे, हातपाय आहेत, तोंडाच्या जागी काळा डाग. आपण खरवडतो तसा. निगेटिव्हला मी अजून चाकू लावलेला नाही.

गुरुवार, १२ एप्रिल

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. अप्पांनी माझा फोटो पाहतो म्हणून घेतला होता. आज तो खाली दर्शनी कपाटात लावलाय, त्या माणसाला कडेनं कापून टाकून, आणि कोपऱ्यात सही म. विजयकर. जाब विचारला तर म्हणाले, कॅमेरा माझा, रोल माझा, तू माझा नोकर, मग फोटो कुणाचा? तोंडावर हसत होते. मी आत जाऊन काम करत राहिलो, पण हा माणूस माझ्या हातून सुटायचा नाही.

आत्या म्हणते, तोंड उतरलंय तुझं, चेहऱ्यावर काही तेजच राहिलं नाही. दाढी करताना हनुवटीला कापलं आणि कळलं नाही. रक्त दिसलं तेव्हा समजलं.

सोमवार, १६ एप्रिल

आज एक बाई वर आल्या. वासंतीबाई, नायगावातल्याच. माझ्याआधीचा माणूस, कमलाकांत, त्यांचा मुलगा. अप्पांपुढं हात जोडून एकच मागत होत्या, “भिंतीला लावायला माझ्या कमलाचा एखादा फोटो द्या हो.” अप्पा म्हणाले, नाही. एकही नाही. आणि तपकिरीची डबी उघडली.

मी जिन्यात त्यांना गाठलं. जे कळलं ते असं. भिंतीवरचा तो पदकवाला फोटो कमलाकांतचा. अप्पांनी आपल्या नावानं प्रदर्शनात पाठवला. संक्रांत झाली की अप्पांशी सोक्षमोक्ष लावतो, असं कमलाकांत म्हणत होता. पण जानेवारीत कामावरून परतताना नायगावच्या नाक्यावर गोळी लागली, आणि लागली ती तोंडावर. आईला चेहरा बघायला मिळाला नाही. “दिवसभर फोटोतच तर उभा असायचा,” त्या म्हणाल्या. “वाटायचं, आणील एखादा घरी. आता डोळे मिटले तरी तोंड नीट आठवत नाही मला.”

दिसायला कसा होता, मी विचारलं. बारीक. एका बाजूनं हसायचा. डाव्या भुवईत खोक.

मी मान खाली घालून जिना चढलो. शेकडो फोटोंत उभा राहिला आणि सगळ्यांतून स्वतःला पुसत गेला. एक उरला होता, तो मी पुसला. वाहवा घेऊन पुसला.

मंगळवार, १७ एप्रिल

अप्पांना विचारलं, त्या काचेत कमलाकांत आहे हे ठाऊक होतं? ते म्हणाले, होतं की. गिऱ्हाईक खोळंबलं होतं. मेलेल्याचा काय उपयोग?

ठीक आहे. सूड घ्यायचा. माझा आणि त्याचाही.

रविवार, २२ एप्रिल

मिठागरात तीन फोटो काढले. तिन्हीत तो आहे, कमलाकांतच असणार, डावीकडेच, दर वेळी थोडा जवळ. मी भ्यालो नाही. मोठ्यानं त्याला सांगितलं की बाबा रे, आपलं भांडण एकाच माणसाशी. पुढच्या रविवारी त्यांना तुझ्यासमोर आणून उभं करतो. वारा अगदी पडलेला होता. ऐकलं असणार.

बेत असा. अप्पांना म्हणायचं, देखाव्यात स्वतः मालक उभे असतील तर यंदाही पदक नक्की. कॅमेऱ्याला आपोआप बटण दाबणारी कळ आहे, ती लावायची आणि मी अप्पांच्या उजव्या हाताला जाऊन उभं राहायचं. डावीकडून तो येईल. तिघे. मधे अप्पा.

फोटो धुतले तर त्याच्या तोंडावरचा डाग खालून विरत चाललाय. हनुवटी दिसते आहे. हनुवटीवर कापल्याची खूण आहे.

बुधवार, २५ एप्रिल

आत्यानं दार उघडलं आणि कोण पाहिजे, विचारलं. मग जीभ चावली. संध्याकाळची वेळ, डोळ्यांवर अंधारी आली म्हणाली. अंधार कुठला, चांगलं ऊन होतं.

आजही दोनदा चौथा झालो. खरवडताना ओठ बधिर होतात.

शनिवार, २८ एप्रिल

अप्पा तयार झाले. पदक म्हटल्याबरोबर. नवी टोपीसुद्धा आणली. आरशात बघून टोपी सारखी करत होते तेव्हा मीही मागून डोकावलो. आरशात अप्पा नीट दिसत होते. माझं तोंड धुरकट. पारा उडाला असेल.

आता माघार नाही. त्यांनी त्या बाईंसमोर उघडलेली डबी आठवते. उद्या.

रविवार, २९ एप्रिल

 झालं तसं लिहितो.

वारा पडला. डोंगर उठला. अप्पांना उभं केलं, कळ फिरवली, धावत जाऊन त्यांच्या उजवीकडे उभा राहिलो. कळ करकरत होती. डावीकडे बघत होतो — तो डावीकडूनच यायचा — डावीकडे कुणी नाही —

खांदा लागला. माझ्या उजव्या खांद्याला. थंड, मिठासारखा खरखरीत, फोटोला उभं राहतात तसा घरच्यासारखा टेकलेला.

अप्पांनी आमच्याकडे मान वळवली. जन्मभराची सवय. म्हणाले, “अरे, तिघंच झालो की. चौथा बघ कुणीतरी.”

आणि खटका पडला.

मग त्यांना कळलं आपण कुणाला मोजलं ते. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्याच. तोंड उघडलं, आवाज निघेना. मिठात बसले. भोईवाड्यातून बोलावलेल्या दोन माणसांनी उचलून घरी नेलं. डॉक्टर म्हणाले, वाचा गेली, उजवा हात गेला.

सूड झाला. झाला ना?

सोमवार, ३० एप्रिल

आत्यानं दाराला आतून कडी लावली. परक्या माणसाला घरात घेणार नाही म्हणाली. माझी ट्रंक बाहेर ठेवलीय. मी कोण ते सांगू शकेल असा एक माणूस मुंबईत — अप्पा. त्यांची वाचा नाही.

स्टुडिओत आहे. दुपार. रोल धुतला.

तिघे. उजवीकडे अप्पा. डावीकडे, नेहमीच्याच जागी (फोटोतली डावी ती उभ्या माणसाची उजवी), एक सडपातळ तरुण, एका बाजूनं हसणारा, भुवईत खोक, हनुवटीवर माझी खूण. मधे मी. माझा सदरा. वर डाग.

तो अप्पांसाठी आलाच नव्हता. पुसलं कुणी? शेवटचा चेहरा कुणी —

उपाय आहे. एकाला काढायचं. दोघे राहिले की दोष नाही. अप्पांना काढतो. खुशाल काढतो. चाकू अप्पांवर ठेवला —

हात मधल्याकडे जातो. पुन्हा ठेवला. पुन्हा मधे. दुखत नाही. नुसतं चुरचुरतं, पायाखाली मीठ —

नाक चाचपलं. सपाट —

जिन्यात पावलं. वासंतीबाई. दार उघडंच राहिलं. आत आल्या. पाहताहेत माझ्याकडे. भीत नाहीत. हसताहेत. डोळ्यांत पाणी. पदरानं माझी भुवई पुसताहेत — भुवईत काहीतरी आहे — खोक —

कमला म्हणतात. चल घरी म्हणतात.

बोलता येत नाही. हसू येतंय. एकाच बाजूनं. मला हसायचं नाही — हात अजून माझा आहे — लिहून दाखवतो त्यांना —

बाई, मी कमलाकांत नाही. मी पेणचा. माझी आई तिकडे आहे. माझं नाव शर