स्टेपनी

सर, तुमच्यावरचा राग अजून गेला नाय, म्हणून लिहितोय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. बोलू द्या त्यांना, त्यांना तुम्ही बाकावर बसवलं नव्हतं.

सोयगावला बेसबॉलची मॅच खेळायला चाललो होतो, आठवतं? अजिंठ्याच्या घाटात जीपचं चाक बसलं. तुम्ही मागं लटकवलेलं जादा चाक उतरवलं, त्याच्यावर थाप मारली आन् माझ्याकडं बघून म्हणालात, "ही बघा, आपली स्टेपनी." सगळी टीम हसतीय. तेवढ्यात एक माकड आपली केळ्यांची पिशवी घेऊन पळालं, लई माजलेली माकडं तिथली, पण ते राहू द्या. मी विचारलं, "सर, स्टेपनी पुढच्या चाकाला कधी लावता?" तुम्ही मान वर न करता जॅक फिरवत होतात. "पुढच्या साली. मॅचचा पहिला बॉल तूच टाकशील, लेका."

पुढचं साल आलं, तुम्ही नाय आलात. छातीत दुखलं म्हणे, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मरायच्या आधी कुणाला सांगून तरी ठेवायचं, की ह्याला पहिला बॉल कबूल केलाय. नव्या सरांनी विचारलं, हा काय करतो? पोरं म्हणाली, "ती स्टेपनी आहे, सर." झालं. तोच माझा धंदा झाला. आज ह्या गावच्या टीमकडून, उद्या त्या. सुरुवातीला बॉल टाकणारा पहिला पिचर थकला, तिन्ही बेस समोरच्या टीमच्या पोरांनी भरले, सगळा विचका झाला की मग मला हाक. जिंकलो तर फोटो पहिल्याचा. हरलो तर शिव्या मला.

गेल्या महिन्यात जळगावकडच्या एका टीमनं बोलावलं. त्यांच्या पोरसवदा कॅप्टननं मॅचच्या आधीच कोरा बॉल हातात दिला. म्हणाला, "दादा, आज सुरुवात तुम्ही करा." शिवण बोटाला टोचत होती, इतका नवा. बेस रिकामे. अजून कुणी काहीच बिघडवलेलं नाय. मला उभं कसं राहायचं तेच सुचेना. मी बॉल परत दिला. म्हटलं, "तू टाक आधी. अडलं की बोलव."

काय करून ठेवलंत हे, सर? बाकावर बसून दात खात होतो तुमच्या नावानं.

हे पाठवणार कुठं? घडी घालून ग्लोव्हमधे कोंबतो. पण तो बॉल मी भिऊनच परत दिला असं नाय. तो त्या पोरानं दिला होता. तुम्ही द्यायचा होता.