नदीआधी कॉफी

प्रिय धाकट्या ओट्टार,

तू शेत सोडून गेलास, तेव्हापासून नदीबद्दल विचारायला लोक माझ्याच दारात येतात. आज सकाळी नऊला आइसलंड फिरायला आलेलं एक पोर्तुगीज जोडपं आलं.

"आजी, आमची जीप पलीकडे जाईल ना?"

"डोळे मिटून जाईल. पाणी गुडघ्याइतकंच आहे."

खोटं नव्हतं रे. पण पोरगी कुडकुडत होती, म्हणून आत बोलावलं. कॉफी झाली, पॅनकेक झाले, तुझे जुने फोटोही दाखवून झाले.

"आजी, निघतो आम्ही," ती दोनदा म्हणाली.

"बस गं, नदी कुठे पळून जातेय?"

ते निघाले तेव्हा दोन वाजले होते. हिमनदीवर सकाळपासून कडक ऊन आहे. दुपारी तिचं वितळलेलं पाणी खाली येतं आणि नदी फुगते, एवढंच सांगायचं मी विसरले. तू असतास तर ओरडला असतास, "ताई, आधी नदी, मग कॉफी!"

दीड तास झाला, पलीकडच्या चढावर जीप दिसत नाही. बचाव पथकाला फोन केलाय, पण त्यांना यायला तास लागेल. चारदा खिडकीशी जाऊन आले, मग हातांना काम म्हणून तुला लिहायला बसले. आणि आत्ता लक्षात येतंय, सकाळी त्यांचा वेळ गप्पांत घालवला, आता उरलेला पत्रात घालवतेय. ट्रॅक्टर तर अंगणातच उभा आहे.

हे पत्र आज टपालात पडायचं नाही. तुझे मांडीपर्यंतचे बूट घातलेत, निघाले.

तुझी बोलघेवडी ताई,
रानवेग