तपासणाऱ्याचं नाव

निपाणी,
गुरुवार, ता. २२ एप्रिल १९३७

मित्रवर्य ज्योतिबास,

सप्रेम जयजिनेंद्र, तू त्याचा रामराम करून घे. तुझं गुंजीहून धाडलेलं पत्र काल दुपारी पोचलं. इकडं आम्ही सगळी बरी आहोत. शाळेला लागून असलेल्या वखारीत तंबाखू येऊन पडलाय, त्यामुळे इतिहासाच्या तासाला निम्मा वर्ग शिंकत असतो. तह कुणी कुणाशी केला हे विचारावं, तर उत्तराआधी तीन शिंका.

तुझं अभिनंदन. मे महिन्यात बेळगावला तीन तालुक्यांतल्या इतिहास-भूगोलाच्या मास्तरांचा वर्ग भरणार आणि त्यात तू शिकवणार. मलाही हजर राहण्याचा हुकूम आलाय. ट्रेनिंगला असताना एका कंदिलाखाली अभ्यास केला, माझ्या वह्या उतरून घेऊन तू पास झालास, आणि आता मी चटईवर बसून तुझं बोलणं टिपून घ्यायचं. आनंद वाटला असं लिहिणार होतो. नाही वाटला. पोटात दुखलं.

शाळाखात्याच्या फेब्रुवारीतल्या प्रदर्शनापासूनच दुखतंय. खडेबाजारातून मांजरपाट आणून मी वीस हात लांब कालपट रंगवला होता, यादवांपासून पेशवाईपर्यंत, एकेक साल सुबक अक्षरात. तो प्रदर्शन मांडणाऱ्यांनी दाराजवळ टांगला आणि शिपायानं त्याच खिळ्याला आपला कोट अडकवला. सबंध शिवशाही त्या कोटाखाली गेली. तुझा कागदाच्या लगद्याचा जिल्ह्याचा नकाशा मात्र मधल्या टेबलावर. घाटमाथ्यावर तांब्यानं पाणी ओतलं की मलप्रभा, घटप्रभा, दूधगंगा आपापल्या वाटेनं वाहायला लागायच्या. खात्याच्या साहेबांनी स्वतः तांब्या हातात घेतला, तीनदा ओतून बघितलं. माझ्या पटापाशी आले तेव्हा त्यांनी घड्याळ बघितलं.

आणि तो लगदा तरी कुणाचा? दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्याकडं आलास तेव्हा राजमतीनंच तुला शिकवला. रद्दी भिजत घालायची, कुटायची, मेथी वाटून मिसळायची म्हणजे कसर लागत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. दर उन्हाळ्यात ती त्या लगद्याच्या टोपल्या करते आणि मी नाक मुरडतो. तू दोन दिवसांत तिच्याकडून अख्खा सह्याद्री घेऊन गेलास. माझ्या बायकोकडं एवढं काही देण्यासारखं आहे हे मला ठाऊकच नव्हतं. जेवताना तू वहिनी, वहिनी करत तिची तारीफ करत होतास, तेव्हा मी मुद्दाम शाळेचा विषय काढला.

आता ज्यासाठी कागद पुढ्यात घेतला ते लिहितो.

जानेवारीत तू तो नकाशा गवतात गुंडाळून मोटारीनं इथं आणलास. निपाणी-चिकोडीकडचा भाग मी तपासावा म्हणून. तू खानापूरकडचा, मलप्रभेचं वळण न् वळण तुला पाठ. आमच्या नद्या तुला ऐकीव. तू अंघोळीला गेलास तेव्हा राजमतीनं कौतुकानं पाणी ओतून बघितलं. आपलं माहेर, भोज, शोधता शोधता तिचं बोट थांबलं. खरं तर तिथं वेदगंगा दूधगंगेला मिळते. त्या संगमावर ती लहानाची मोठी झाली. तुझ्या नकाशात वेदगंगा भोजेवरून तशीच पुढं, एकटीच, कृष्णेला गेली होती.

"आमचा संगम कुठं गेला ओ?" ती म्हणाली. "भावजींना सांगा, नदी चुकलीया."

सांगतो म्हणालो. मास्तरांच्या कामात आपण कशाला बोला, म्हणून ती गप्प राहिली. निघताना तू दारात थांबून विचारलंस, "तुझ्या मुलखाचं समदं बरोबर हाय न्हवं, पद्मा?"

"व्हय, बरोबर हाय," मी म्हणालो.

विसरलो नव्हतो, ज्योतिबा. मला वाटलं, प्रदर्शनात चिकोडीकडचा कुणीतरी मास्तर त्यावर बोट ठेवील आणि चारचौघांत तुझं तोंड उतरेल. ते मला बघायचं होतं. कुणीच बोट ठेवलं नाही. सगळे वाहतं पाणी बघत राहिले. घरी राजमतीला सांगितलं की तुला कळवलंय.

आणि काल तुझं पत्र आलं. सोमवारी तुझ्या नकाशावरून साचा घेणार, साठ शाळांना साठ नकाशे जाणार. खालच्या पट्टीवर तुझ्या नावाशेजारी, साहेबांकडं हट्ट धरून, तू माझंही नाव घालून घेतलंस: 'निपाणी-चिकोडी भाग तपासणारे, पद्मराज मास्तर.' राजमतीनं तेवढी ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "आता पोरास्नी आमचा संगम दिसंल." मी अर्ध्या ताटावरून उठलो.

खरं सांगतो, पट्टीवर माझं नाव नसतं तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. साठ शाळांतली पोरं चुकीची नदी शिकली असती आणि मी गप्प बसलो असतो. माझं नाव त्या चुकीखाली येतंय म्हणून मला जाग आली. एवढाच माझा खरेपणा.

आज सकाळी राजमतीला सगळं सांगितलं. तिनं कागद पुढं ओढला, नदी कुठून कशी वळते ते बोटानं दाखवलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. अजून माझ्याशी बोललेली नाही. तिनं दाखवलेल्या वाटेवर मी रेघ ओढलीय, तो कागद सोबत आहे. वेदगंगा भोजेपाशी दूधगंगेत सोड. पुढची वाट लगद्यानं बुजव, आणि मेथी घालायला विसरू नकोस. पत्र आजच्याच टपालात टाकतोय, शनिवारपर्यंत तुला मिळायला हवं.

पट्टीवरचं माझं नाव काढ. तिथं 'सौ. राजमती, भोज' असं घाल. तपासलं तिनंच. हे लिहितानाही थोडं दुखलं, तेही लपवत नाही.

पत्राखाली 'तुझा' लिहायची सवय आहे. या खेपेला ते बरोबर आहे का, तू तपास.

पद्मराज