मोटारीचं अस्तर

१२ मार्च १९३४
"बिऱ्हाडाचं आधी अंगण बघावं, खोल्या मागाहून," असं आई एकदा म्हणाली होती. आज रत्नागिरीत उतरल्यावर तेच केलं. यांनी घेतलेली जुनी बंद मोटार फणसाखाली ऐसपैस मावली. राही टाळ्या वाजवत होती. महिनाअखेर तिला मिरजेच्या डॉक्टरांकडे न्यायचं. आवाजाने, उन्हाने पोरीला आकडी येते. हे म्हणाले, पत्र्याच्या डब्यातून घाट कसा चढेल ती? म्हटलं, डब्याला आतून अस्तर लावते.

१५ मार्च
गोणपाट चिंचोक्यांच्या खळीने चिकटवलं. दुपारी पत्रा तापला, सगळं गळून पडलं. आता दाभणाने शिवते आहे. बोटांना फोड आले. हे इंजिन सुरू करून विचारतात, झाला का आवाज कमी? रडूच आलं.

१९ मार्च
भाट्याच्या किनाऱ्यावर जाड गादी टाकून दिलेली मिळाली. उसवली, काथ्या पिंजून छतात, दारांत भरला. बाहेरचं काही ऐकू येईना. राही आत गाढ झोपली, कित्येक महिन्यांनी.

२२ मार्च
मी वाळत घातलेली गादीची खोळ शेजारच्या गंगुबाईंनी ओळखली. खालच्या आळीतल्या चिमाची. तापाने गेली, मूल नव्हतं, शेवटपर्यंत 'माझी पोर' म्हणत होती. "अगो, मेलेल्याची गादी समुद्राला दिलेली असते. ती उचलतात होय?"
आमच्या सोलापुरात समुद्र कुठला?

२४ मार्च
मोटार सावलीत, इंजिन बंद, तरी अस्तर गरम. ताप चढलेल्या अंगासारखं. हाताखाली वरखाली होतं. राही म्हणते, कुणीतरी थोपटतं, छान वाटतं.

२५ मार्च
टाके उसवते, वळून बघते तो पुन्हा शिवलेले. माझा टाका इतका बारीक नाही. हे चिडले. पोर झोपते आहे तर कशाला उसकटतेस, म्हणाले.

२६ मार्च
हे पेट्रोल आणायला गेलेत. राहीने दार आतून लावलं. हाका पोचत नाहीत, मीच तशी सोय केली. फटीला तोंड लावून ओरडले, मग कान लावला. हळूच म्हणाली, "आई नको म्हणते."
मी तर बाहेर—

दुपार
पहार वाकली. दार उघडलं नाही. फटीतून काथ्या बाहेर येतोय, ओला, गरम—
हे पान फाडून आत सरकवते. चिमाबाई, वाचता येत नसेल तर राही वाचून दाखवील. नाहीच म्हणाल. मीही नाहीच म्हटलं असतं. पोर तुमची म्हणा, पण मला आत घ्या. पायाशी निजेन, आई म्हणवून घेणार नाही, फक्त तिचा हात—