काळ्या गाठीवर लाल रंग

मॅडम, आज जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घरी जाववेना, म्हणून पिंपरीतल्या आमच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्येच लिहायला बसलेय. तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली, तरी लॅबमधलं काही सांगायचं म्हटलं की आधी तुम्हीच आठवता. चाकणच्या एका कंपनीत लाइनवर उभं राहून काम करणारी चोवीस वर्षांची मुलगी. तळपायावर, अंगठ्याच्या मुळाशी काळीकुट्ट गाठ. कुणीतरी तिला सांगितलेलं, कॅन्सर दिसतोय, अंगठा काढावा लागेल. तपासणीचा तुकडा आमच्याकडे आला आणि तिचे वडील रोज लॅबच्या दारात येऊन उभे. "ताई, पोरीचा अंगठा ऱ्हाईल का?" मी म्हणायचे, "काका, डॉक्टर सांगतील."

त्वचेला रंग देणाऱ्या रंगपेशींमधली प्रथिनं हुडकून तिथं रंग उमटवणाऱ्या अँटीबॉडी आम्ही लावल्या, नेहमीसारख्या तपकिरी रंगात. पण गाठीत मुळातच इतकं रंगद्रव्य, की तिचा स्वतःचा तपकिरी कुठला आणि आमचा कुठला, कळेचना. स्लाइड बघणाऱ्या आमच्या लॅबच्या डॉक्टरांनी चष्मा काढला. "यावरून मी कुणाचा अंगठा ठेवायचा की कापायचा, ते नाही ठरवू शकत."

तेव्हा मला तुमचं सांगवीचं स्वयंपाकघर आठवलं. मी लॅबमध्ये नवखी आहे, तुम्ही मला जेवायला बोलावलंय. काळ्या मसाल्याची आमटी ढवळता ढवळता म्हणता, "यात मोहरी शोध." मी पातेल्यावर वाकते. सापडत नाही. "आणि मिरची?" ती तर लालभडक, वरच तरंगतेय. "काळ्या गाठीला तपकिरी रंग लावू नये गं, लाल लावावा," तुम्ही म्हणता. आपल्याकडे तेव्हा तसं किटही नव्हतं, तुम्ही फक्त वाचलं होतं.

"सर, लाल रंगात करून बघू?" मी विचारलं. ते म्हणाले, "करा."

आज दुपारी स्लाइड हातात आल्या. आधी मी कडेची निरोगी त्वचाच बघितली. तुम्ही एकदा सगळ्यांसमोर झापलं होतं ना, "चांगलं कसं दिसतं ते आधी बघ, मग रोगाचं बोल!" आणि मॅडम, काय दिसलं म्हणून सांगू! वरच्या थराच्या तळाशी एकेक रंगपेशी, अंतर राखून बसलेली, लाल ठिपक्यासारखी. मग गाठ. एक प्रथिन वरच्या बाजूला भरपूर आणि खाली जाता जाता विरलेलं, साध्या तिळात असतं तसं. तुमच्या वेळी नव्हता असा एक मार्करही, म्हणजे रोगाची खूण दाखवणारं प्रथिन, आता आलाय, कॅन्सर असला की बहुतेकदा गाठभर उमटतो. त्याचा मागमूस नाही! तुलनेसाठी ठेवलेली कॅन्सरची स्लाइड मात्र लालेलाल, म्हणजे चाचणी चुकलेली नाही.

डॉक्टरांनी सगळ्या स्लाइड दोनदा पाहिल्या आणि जवळजवळ ओरडलेच, "अहो, तीळ आहे हा! साधा तीळ!" तसेच उठून बाहेर गेले. मीही मागोमाग. काकांनी ऐकून घेतलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "म्हंजी अंगठा ऱ्हातोय?" मी म्हटलं, "राहतोय, काका." ते तिथंच जमिनीवर बसले आणि खिशातून फोन काढून मुलीला लावायला लागले. नंबर काही सापडेना, शेवटी मीच लावून दिला.

नंतर डॉक्टरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. "लाल रंगाचं तुम्हाला सुचलं कसं हो?" सगळे माझ्याकडे बघत होते. तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, मॅडम. मी हसले आणि म्हटलं, "असंच. सुचलं, सर."