डाव्या डोळ्यावरची पट्टी

मी, खाली सही करणार, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, व्यवसाय शेती व दुग्धपालन, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि हात किंचित कापतो. दोन्ही गोष्टी डॉक्टरांनी आज सकाळी तपासल्या आहेत. यापूर्वीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर व बँकेतील ठेव पत्नीस. त्यांचे काय करावे, हे तिने मला विचारलेले नाही. म्हणून सांगत नाही.

२. बांधालगतच्या माझ्या न नांगरलेल्या तुकड्याला शेजारी 'आळशाचं शेत' म्हणतो. त्या शेजाऱ्यास तेथील टोपलीभर माती द्यावी. त्याने ती हातात घेऊन, वास घेऊन पाहावी. उत्तराची अपेक्षा नाही.

३. सर्व अवजारे व भिंतीवर टांगलेली काठी धाकट्या बहिणीस. कारण नोंदवणे भाग आहे. आमच्या एका गाईचे नाव आम्ही 'अडेल' ठेवले होते. दूध काढण्याच्या शेडच्या दाराशी ती सहा वर्षे अडली आणि सहा वर्षे मी तिला काठीने आत घातले.

"दादा, तू तिला कायम डावीकडूनच का हाकतोस?" बहिणीने एकदा विचारले.

"मी उजव्या हाताचा आहे."

"तिला त्या बाजूनं दिसतं का, ते बघितलंस कधी?"

बघितले नव्हते. डावा डोळा निकामी निघाला. पुढील एकतीस वर्षे मी सभांतून आणि समित्यांपुढे जनावरांची व मातीची बाजू मांडली. माझे प्रत्येक भाषण त्या प्रश्नावर उभे होते. प्रश्न माझा नव्हता, हे मी एकाही सभेत सांगितले नाही. ते येथे सांगतो.

४. जमिनीतील माझा हिस्सा, गोठा व दूध आटलेल्या सात म्हाताऱ्या गाई धाकट्या भावास. "दादा गाईंची वकिली करतो, धारा मात्र मी काढतो," असे तो पाहुण्यांना सांगतो. आरोप खरा आहे. माझ्यामागे या सातही गाई व्यापाऱ्याला देणार, हेही त्याने लपवलेले नाही. मी मनाई करत नाही. मनाईने कोणाला काही पटल्याचे मी पाहिलेले नाही. अट एकच. पहिली गाय विकण्यापूर्वी त्याने डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून कुरणापासून शेडपर्यंत चालावे आणि बहिणीने त्याला डावीकडून, न बोलता, त्या काठीने हाकावे. मग त्याचा निर्णय अंतिम.

मी हे स्वतः केले आहे. दाराशी मी अडलो. का, ते अद्याप मला नीट मांडता आलेले नाही. त्याचे काय होते, याची उत्सुकता आहे. निकाल ऐकायला मी नसेन, एवढीच अडचण.

वरील मजकूर वाचून, समजून घेऊन सही केली.

स्थळ: दूध गाळण्याची खोली
दिनांक: ९ ऑगस्ट
(सही)

साक्षीदार:
१. मला तपासणारे डॉक्टर (सही)
२. 'अडेल'चा डोळा तपासणाऱ्या पशुवैद्य, आता निवृत्त (सही)

पुरवणी, याच साक्षीदारांसमोर: लाभार्थी असल्याने भावाला साक्षीदार होता येत नाही. तो खिडकीबाहेरून ऐकत होता. "तुझ्या मरणाची वाट कोण बघत बसणार, दादा? आण ती पट्टी इकडे," म्हणून बहिणीला घेऊन तो कुरणाकडे गेला. मी हयात असल्याने यामुळे अट पुरी झाली असे धरता येणार नाही. तरी नोंद करतो की या क्षणी तो शेडच्या दाराशी उभा आहे. बहिणीने काठी खाली ठेवली आहे. पट्टी त्याने अजून सोडलेली नाही.